दक्षिणेच्या वाटणीला गेलेल्या नळ्या

आमच्या बेटावर देणगीची खोकी आली की आधी मानेआबात, म्हणजे सभाघरात जातात. मी दवाखान्यातली नर्स. माझा नंबर मागाहून. म्हातारी मंडळी चटईवर मांडी घालून बसतात आणि सगळ्या गावांना सारखं वाटतात. मागे ऑस्ट्रेलियाहून शाळेसाठी ज्ञानकोश आला, तर एकेक खंड एकेका गावाला गेला. आमच्या पोरांना हत्ती ठाऊक आहे, वाघ मात्र दक्षिणेच्या गावात राहतो. तेव्हा मीही हसले होते.

या खेपेला ऑक्सिजनचं यंत्र आलं. यंत्र एका खोक्यात, नाकाला लावायच्या नळ्या दुसऱ्यात.

"बाउरोकाका, हे दोन नाही, एकच आहे," मी म्हणाले. काका आमच्या गावात सगळ्यांत वडील. सभेत त्यांचाच शब्द शेवटचा.

"खोकी दोन आहेत ना?"

"नळीशिवाय यंत्र नुसतं घुरघुरेल, काका."

"मग यंत्र आपल्याला, नळ्या दक्षिणेला. मोठी वस्तू पदरात पडली तरी तुझी कुरकुर आहेच." सगळे हसले.

त्यानंतर मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले. आमच्यात मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. काकांनी शब्द टाकायचाच अवकाश होता. पण ते म्हणायचे, "कालपरवा दिलेलं आज परत मागू? काय तोंड दाखवू त्यांना? नाताळ तरी होऊ दे."

नाताळाआधीच त्यांची नात आरोइता आजारी पडली. अजून रांगत होती पोर. दवाखान्यात आणली तेव्हा श्वासागणिक छाती आत ओढली जात होती, ओठ निळे पडले होते. इंजेक्शन दिलं. हाताशी होत्या त्या सगळ्या नळ्या लावून पाहिल्या, यंत्राला एकही बसेना.

"आता तरी मागाल का?" मी काकांवर ओरडले. वडीलधाऱ्या माणसावर असं कुणी ओरडत नाही. ते होडीकडे पळाले.

दक्षिणेच्या लोकांनी नळ्या लगेच दिल्या. खोकं त्यांनी उघडलंही नव्हतं. सभाघरात खांबापाशी माळ घालून मानाने ठेवलं होतं. पण परतताना ओहोटी लागली, होडी वाळूत रुतली, आणि काका पाण्यातून चालत निघाले.

इकडे आरोइताची आई, काकांची लेक तेरेतिया, मला सारखी विचारत होती, "यंत्र इथंच आहे ना गं? मग लाव ना." दुपारी पोर तिच्या मांडीवरच गेली. मला इतका संताप आला होता की रडूही फुटेना.

उन्हं कलताना काका आले. छातीपर्यंत भिजलेले, डोक्यावर धरलेलं खोकं कोरडं. बायकांचं रडणं त्यांनी बाहेरच ऐकलं असणार. खोकं माझ्या हातात देऊन म्हणाले, "जोड."

"काका, आता..."

"जोड, पोरी."

मी नळी जोडली, बटण दाबलं. काकांनी नळीचं टोक तळहातावर धरलं. हवा येत होती. मग वाकून त्यांनी नळी नातीच्या नाकाशी नेली.

तेरेतियाने बापाचा हात हळूच बाजूला केला.

"नको, बाबा," ती म्हणाली. "टोचेल तिला."