कोटातला आणि अड्ड्यावरचा

एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही, हे मी इतक्यांना ऐकवलंय की आता मी तोंड उघडायच्या आत माझी बायको शैला ते वाक्य पुरं करून टाकते. औरंगपुऱ्यात माझा 'देवेश फोटो' नावाचा स्टुडिओ आहे. बावीस वर्षं झाली. दुपारपासून पासपोर्ट, ओळखपत्रं आणि लग्नाच्या स्थळांचे फोटो काढायचे. सकाळी साडेसात ते अकरा गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर हिंडायचं. पायाला भिंगरी आहे माझ्या. दुकानात अर्धा तास गिऱ्हाईक आलं नाही तर मी खुर्च्यांच्या जागा बदलायला लागतो. घरी जेवायला बसलो तरी डोळे खिडकीकडे असतात आणि शैला म्हणते, "पोळी तरी बघून खा."

रस्त्यावरच्या फोटोचे माझे काही नियम आहेत. एकच लेन्स, तीही लांबची नाही, कारण चोरासारखा लांबून काढलेला फोटो मला आवडत नाही. चार-पाच पावलांवर जाऊन उभं राहायचं. एकाच कोपऱ्यावर इतका वेळ थांबायचं की लोकांना आपला कंटाळा यावा. आणि विचारायचं नाही. 'भाऊ, फोटो काढू का' म्हटलं की माणूस केसांवरून हात फिरवतो, आणि मग समोर उरतो तो माणूस नसतो, गिऱ्हाईक असतं. गिऱ्हाइकांचे फोटो मी दुपारी काढतोच की.

त्या दिवशी शहागंजात होतो. तिथं सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. थापी, फावडं, घमेलं आणि जेवणाचा डबा घेऊन माणसं रांगेनं उभी असतात. मुकादम येतात, बोट दाखवतात, घेऊन जातात. दहा वाजून गेले की जे उरतात ते उरतात. उरलेल्यांतला एक जण घमेलं उपडं घालून त्यावर बसला आणि त्यानं डबा उघडला. दुपारचा डबा साडेदहाला उघडणं म्हणजे आजचा दिवस गेला, हे अड्ड्यावर सगळ्यांना कळतं. मी चार पावलांवर होतो. त्यानं पहिला घास मोडला, मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

त्या नजरेचं काय सांगू? राग होता, पण माझ्यावर नव्हता. लाज म्हणावी तर मान खाली नव्हती. डाव्या भुवईतून गेलेली जुनी खोक उन्हात अशी उजळून निघाली होती की नंतर कॉम्प्युटरवर मी तिची एक रेषाही हलवली नाही. असा फोटो बावीस वर्षांत एकदा मिळतो. इन्स्टाग्रामवर टाकला तर चार दिवसांत दीड लाख लोकांनी पाहिला. पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी निवडला गेल्याचा निरोपही आला. मी हवेत होतो, खोटं कशाला बोलू.

सोमवारी अकरा वाजता मी दुकान उघडत होतो तर तोच माणूस पायरीवर उभा.

"साहेब, वळखलं का?"

"न ओळखायला काय झालं? अड्ड्यावरचा तू. ये, आत ये, तुझा फोटो..."

"त्याच्या आधी. त्याच्या आधीचं वळखलं का?"

त्यानं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. स्थळाचा फोटो होता. मागं निळा पडदा, काळा कोट, लाल टाय, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'देवेश फोटो, औरंगपुरा'. तो कोट माझा. दुकानात खुंटीला कायम टांगलेला असतो; ज्याला ढगळ होईल त्याच्या पाठीला मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो, पुढून अंगाबरोबर दिसतो. फोटोतला चेहरा गव्हाळ, गुळगुळीत, भुवया अखंड. माझी सवयच ती. कॉम्प्युटरवर चेहरा उघडला की डाग, तीळ, व्रण दिसेल तिथं बोट आपोआप चालतं, आणि रंग दोन घरं उजळ होतो. आठ महिन्यांपूर्वी मी त्याची खोक पुसली होती आणि पुसताना तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्याचं नाव शिवराज. गाव गंगापूरच्या जवळचं, इथं मुकुंदवाडीत खोली. फोटो काढला तेव्हा तो चितेगावकडं एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. बायोडाटात त्याच्या मामानं 'परमनंट' लिहून टाकलं. पुढं ठेका संपला आणि काम गेलं. ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नाही, आणि गंगापूरच्या ज्या मुलीशी जमत आलं होतं तिलाही नाही. दोघांची प्रत्यक्ष भेट अजून झालीच नव्हती, मामानं सगळं फोटोवर आणि फोनवर जुळवलं होतं. गुरुवारी सुपारी होती.

"तुमचा फोटू तिकडं पोचला," तो म्हणाला. "कुणीतरी आप्पासाहेबाला दाखवला. आप्पासाहेब म्हंजी पोरीचे वडील. म्हनले, जावई घमेल्यावर बसलाय का काय. काढून टाका साहेब."

"अरे पण तो फोटो..." मी म्हणालो आणि पुण्याचं नाव जिभेवरून मागे घेतलं. मला राग आला होता; त्याचा की माझा, ते ठरवत बसलो नाही. "मी काय गुन्हा केला? रस्त्यावर होतास, रस्त्यावरचा काढला."

"इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. मी मोबाईल काढला आणि फोटो काढून टाकला, त्याच्या देखत, दात-ओठ खात. भिंतीवर लावलेला मोठा प्रिंटही उतरवून तोंड भिंतीकडे करून ठेवला.

तरी तो हलेना. "आज दुपारी ते लोक शहरात येनारेत, बस्त्याला दुकानं बघायला. दोन्ही फोटूवर तुमचं नाव हाये. इथं इचारायला येतीलच. तो मी नव्हं म्हना, साहेब. सुपारी झाल्यावर मीच सांगतो तिला. आईची आन. आता कळलं तर मोडतंय बगा. तीन वर्सं झाली, सात ठिकानं फिरलो. कंपनी नाय म्हनलं की लोक चहासुदिक इचारत नायत."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. फसवून लग्न करतात का, त्या मुलीचं काय, सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, "बरोबर हाये तुमचं," आणि नंबर लिहून देऊन पुंडलिकनगरात कुठल्याशा स्लॅबवर अर्ध्या दिवसाचं काम मिळालंय म्हणून निघून गेला. बरोबर आहे म्हणून जाणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी दुपारभर दुकानात येरझाऱ्या घातल्या. एका बाईंचे पासपोर्टचे फोटो काढले आणि त्यांच्या हनुवटीवरचा तीळ पुसायचा की नाही यावर दहा मिनिटं घालवली. त्या म्हणाल्या, "अहो, तीळ कुठं गेला? राहू द्या तो."

चारच्या सुमारास आप्पासाहेब आले. पांढरा सदरा, टोपी, उसाच्या शेतीवाल्याचा ऐसपैस आवाज. बरोबर त्यांची मुलगी सोनिया. नर्सिंग झालेली, गंगापूरला एका दवाखान्यात कामाला, हे वडिलांनीच बसायच्या आत सांगितलं. तिनं खुंटीवरच्या कोटाकडे बराच वेळ बघितलं.

आप्पासाहेबांनी दोन मोबाईल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर कोटातला, दुसऱ्यावर अड्ड्यावरचा, मी काढून टाकायच्या आधीच कुणीतरी उतरवून घेतलेला.

"साहेब, दोन्ही फोटू तुमच्या हातचे. तुमच्याइतकं कुनाला कळनार? आमच्यात दोन तट पडलेत. हा अन् हा एकच हाये का, तेवढं सांगा. तुम्ही म्हनाल ते आम्हाला मान्य."

अशा वेळी खरं बोलावं हे मला पोरवयापासून माहीत आहे. पण माझ्या डोळ्यांपुढं सात ठिकाणांहून बिनचहाचा परतलेला तो पोरगा होता, आणि त्याला न विचारता बटण दाबणारं माझं बोट होतं. देणं लागत होतो मी त्याचं. मी चष्मा लावला, दोन्ही फोटो मोठे करून बघितले, आणि शुद्ध तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "नाही. वेगळे आहेत."

"नक्की?"

"ही भुवई बघा. याला खोक आहे, खोल, जुनी. याची भुवई बघा, अखंड. खोक काय उगवते आणि मावळते का?"

माझीच लबाडी मी पुरावा म्हणून पुढं केली आणि ती चपखल बसली. आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हनलं नव्हतं? लोकांला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाय. चला, सोनिया, बस्त्याचं बघू."

सोनिया उठली नाही. तिनं अड्ड्यावरचा फोटो असलेला मोबाईल हातात घेतला होता.

"हा तो नाय, हे नक्की ना, काका?"

"नक्की."

"मग बाबा, नको."

"काय नको?"

"हे ठिकान." ती शांतपणे बोलत होती, ड्युटीवर असताना बोलावं तशी. "कोटातल्याला मी आधी दोनदा नाय म्हनले व्हते. तो कुठं बघतोय त्येच कळत नाय. तुमी म्हनता म्हनून गप बसले. मग ह्यो फोटू आला. मला वाटलं, ह्यो त्याचाच हाये. कंपनी सुटली, तोंडानं सांगवंना, म्हनून त्यानं फोटूच टाकायला लावला. सांगायची त्याची तऱ्हा असंल. म्हनून हो म्हनले."

"अगं पन ह्यो मजूर..."

"काम जातं, येतं. माझं हाये की काम. ह्यो बघतोय तर सरळ." तिनं मोबाईल वडिलांपुढं ठेवला. "पन ह्यो दुसराच कोनतरी निघाला. मग नको."

आप्पासाहेब तावातावानं बोलत राहिले, मुलाच्या मामांना काय तोंड दाखवायचं, गुरुवारी माणसं येणार. ती ओढणी सारखी करून पायरी उतरली. वडील मागोमाग. साडेपाचची गंगापूरची एसटी धरायची, असं त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. आणि मी, येता-जाता लोकांना चेहरे वाचून दाखवणारा, काउंटरमागं तोंड शिवल्यासारखा उभा. तेवढ्यात 'थांबा' म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते "बरं, या." गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.

मी शिवराजला फोन लावला. मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

"आले व्हते का, साहेब? काय सांगितलं?"

"तो तू नाहीस म्हणून सांगितलं."

"पटलं त्यांला?"

"पटलं."

"लई उपकार झाले, साहेब!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की मिक्सरही ऐकू येईनासा झाला. "लई उपकार! आईला आता सांगतो. गुरुवारी तुमीच या फोटू काढाया. तुमी नाय आला तर..."

"शिवराज, ऐक. तिनं नाही म्हटलंय."

मी सगळं सांगितलं. पुसलेल्या भुवईचं, तिला काय वाटलं होतं त्याचं, तिनं हो कशापायी म्हटलं होतं त्याचं. घरघर थांबली, कुणीतरी मिक्सर बंद केला असावा.

"म्हंजी," तो हळूच म्हणाला, "अड्ड्यावरचा बघून हो म्हनली व्हती?"

"अड्ड्यावरचाच."

"मग आता?"

"पावणेपाच झालेत. साडेपाचची एसटी आहे. मी गाडी काढतोय, मध्यवर्ती बसस्थानकावर पोच. गंगापूरच्या फलाटापाशी."

"आन् आप्पासाहेब?"

"त्यांना मी सांगतो. खोटं मी बोललोय, शिव्या मी खातो. तू फक्त तिच्यासमोर उभा राहा."

"सिमेंटात बुडालोय, साहेब. खोलीवर जाऊन आंघोळ करतो, शर्ट बदलतो, लगीच येतो."

"शर्ट बदललास तर बघ," मी ओरडलो. "तोंडसुद्धा धुऊ नकोस. आहे तसा ये."