दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, वर एक भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, २१४. मला पाहून तुम्ही म्हणाल, हा कुत्र्याच्या गळ्यातला असेल. म्हणा बापडे. पण एके काळी मला पाहून एक माणूस आत आहे की बाहेर, हे ठरत होतं. एकदाच मी ते चुकीचं सांगितलं. ती एकदाची गोष्ट सांगायला मी बसलो आहे.

चंद्रपुरातल्या एका लहानशा ओतशाळेत माझा जन्म झाला. माझ्यासोबत माझी दोनशे नव्व्याण्णव भावंडं जन्मली. आम्हाला गोणीत घालून एका कोळसा खाणीवर नेलं. ही जमिनीच्या पोटात उतरत जाणारी, काळोखी खाण होती. दिल्लीत एक श्रम मंत्रालय आहे. कामगाराच्या जिवाची काळजी घेणं हे त्याच्या कामांपैकी एक. खाणीत छताला टेकू कसे असावेत, हवा कशी खेळावी, हे बघणारं खाण सुरक्षा खातं त्याच्याच हाताखाली चालतं. आत कोण आहे हे बाहेर कळलंच पाहिजे, असं त्या खात्याचं सांगणं, आणि त्यापायीच आम्ही जन्मलो.

आमचं काम सोपं होतं. हाजिरीघरात एक मोठा फळा, त्यावर तीनशे खिळे. आत जाणारा आपला बिल्ला काढून खिशात घाली, वर आला की खिळ्यावर परत लावी. भरलेला खिळा म्हणजे माणूस बाहेर. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून आत आहे. फळ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ज्याचा बिल्ला त्यानेच लावावा.'

मी जंगूच्या वाट्याला आलो. जंगू जिवतीच्या डोंगरातला, गोंडाघरचा. सबल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन छताला लाकडी टेकू लावायचं काम करी. आत उतरण्याआधी मला अंगठ्याने पुसायचा आणि कपाळाला लावायचा. एकदा सुरक्षा सप्ताहात मोठ्या साहेबांनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं, "बिल्ला असा ठेवावा!" त्या दिवशी मी इतका फुगलो की खिळ्यावर मावेनासा झालो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जंगूचा सोबती लटारू. तो आरमोरीकडचा, धानाच्या गावचा, तोंडाने बडबड्या आणि मनाने लोण्यासारखा. दोघे खाणीजवळ एका खोलीत राहत. दर शनिवारी जंगू साडेचारची बस धरून घरी जाई. घरी बायको मंगली आणि शाळेत जाणारी दिव्यानी.

आणि आता ती रीत. चार वाजता पाळी सुटली की हाजिरीघरापुढे ही लांब रांग लागे. लांबच्या गावच्यांची बस चुके. म्हणून सोबत्याचा बिल्ला लावून द्यायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, उलट जो लावून देत नाही तो आखडू. दर शनिवारी लटारू मला लावी, आणि मला त्याच्या घामट मुठीची सवय झाली होती.

त्या शनिवारीही पाळी सुटली. खाणीतून वर येताना दोघे अर्ध्या चढावर आले आणि जंगू थांबला.

"लटारूभाऊ, माही सबल आत जुन्या बाजूलेच राह्यली. हा घे बिल्ला, लावून दे. मी सबल घेऊन सिद्धा बसवर जातो."

"काऊन रे, सोमवारी घेजो ना!"

"सोमवारपर्यंत कोणी ठेवते का? दिव्यानी वाट पाहून राह्यली भाऊ. दे ना लावून."

"जाय मंग, पण बिगी ये."

मित्रांनो, जंगूच्या हातातून लटारूच्या हातात जाताना मी ओरडायला हवं होतं. पितळेला गळा नसतो, हेच माझं दुःख.

हाजिरीबाबू गुणवंतरावांनी लटारूच्या हातात दोन बिल्ले पाहिले आणि चहाचा घोट घेतला. रोजचंच होतं ते. मी खिळ्यावर लागलो. सव्वाचारला फळा भरला आणि वहीत शब्द पडले, 'सर्व बाहेर.'

थोड्याच वेळात मुकादम धावत आला. आत जुन्या बाजूला छत बसल्याचा आवाज त्याने ऐकला होता. त्याने फळा पाहिला. एकही खिळा रिकामा नव्हता. "बरं झालं, आत कोणी नाई," असं म्हणून तो परत गेला आणि त्या बाजूची वाट लाकडं ठोकून बंद करून आला. तो माझ्याकडे बघून गेला होता. माझ्याकडेच.

साडेपाचला कामगारांच्या बत्त्या देणारा-घेणारा, बत्तीघरातला पोचू आला. "बाबू, दोनशे चौदाची बत्ती नाई आली."

गुणवंतराव हसले. "बिल्ला तर लटकून आहे. कमरेची बत्ती घेऊनच बसमध्ये बसला असन. सोमवारी घेजो."

रविवारी सकाळी मंगली रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढली आणि तिने लटारूला फोन लावला. "भाऊ, हे काल आले नाई. ड्युटी लागली का?"

लटारू तसाच, पायात चप्पल न घालता, हाजिरीघरात आला. त्याने मला खिळ्यावरून ओरबाडून काढलं आणि मुठीत धरून खाणीच्या तोंडाशी धावला. आत उतरून जुन्या वाटेवर ठोकलेली लाकडं त्याने हातांनी उपटली.

जंगू दुपारी सापडला. पाय दगडाखाली, बत्ती विझलेली, सबल बाजूला. डॉक्टर म्हणाले, रविवारी पहाटेपर्यंत तो जिवंत असावा. मित्रांनो, ती रात्रभर मी खिळ्यावर चकचकीत लटकत होतो.

चार दिवसांनी खाण सुरक्षा खात्याचे निरीक्षक चौकशीला आले. त्याआधी गुणवंतरावांनी लटारूला भिंतीआड घेतलं. मी निरीक्षकांच्या टेबलावर पाकिटात होतो, खिडकी उघडी होती. "असं सांग, जंगूनंच बिल्ला लावला अन् परत आत गेला. तुयी नोकरी वाचन, माही बी. गेला तो काही परत येत नाई."

लटारू आत आला. बाकावर मंगली बसली होती, तिच्याजवळ दिव्यानी. निरीक्षकांनी मला पाकिटातून काढलं. "हा फळ्यावर कोणी लावला?"

लटारूने मंगलीकडे पाहिलं. तो खोटं बोलला असता तर जंगू मूर्ख ठरला असता, बिल्ला लावून स्वतःच्या पायाने मरायला गेलेला. मला वाटलं, हा बोलणार नाही.

"मी लावला साहेब," लटारू म्हणाला. "तो आत होता अन् मी लावला. या हातानं." आणि तो भला मोठा माणूस लेकरासारखा रडू लागला.

मंगली रडली नाही. तिने निरीक्षकांना विचारलं, "साहेब, तो फळ्यावरचा नियम कोणासाठी होता?"

"जंगूसाठीच होता बाई," ते म्हणाले. मग त्यांनी मला परत पाकिटात ठेवलं.

अहवाल झाला. गुणवंतरावांची खुर्ची गेली, लटारूचं काम गेलं. तो धानाच्या बांधावर परतला आणि ऐकतो की आता फार बोलत नाही. खाणीत चेहरा ओळखणारं यंत्र आलं, माझी भावंडं भंगारात गेली. मला मात्र निरीक्षकांनी स्वतः जिवतीला येऊन मंगलीच्या हातात दिलं.

नियम लिहिणारे दूर दिल्लीत असतात, मित्रांनो, पण नियम असतो तुमच्याजवळच्या माणसासाठी. सोबत्यावर माया करा, त्याच्यासाठी बस थांबवून धरा, त्याची सबल शोधायला जोडीने जा. पण त्याचा बिल्ला लावू नका. माझी एवढी एकच विनवणी आहे.

परवा दिव्यानीने जंगूच्या फोटोखाली खिळा ठोकला. मला फडक्याने पुसलं आणि लावायला हात वर केला.

मंगलीने तिचं मनगट धरलं. "नको माय. ज्याचा त्यानंच लावाव लागते."

दिव्यानीने मला परत डब्यात ठेवलं. फोटोखालचा खिळा अजून रिकामा आहे.