पुढची फळी

अंजूरच्या शाळेपुढे जनसुनावणीचा मांडव घातला होता. खाडीकाठाने सरकारी भिंत आणि तिच्यावरून रस्ता व्हायचा होता. त्या पट्ट्यात जिवंत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उरलेली नाहीत, असं पर्यावरणाच्या अहवालात म्हटलं होतं.

माधवी बोलायला उठली. मुंबईहून येणारी संशोधक. "नरेंद्रकाकांनी मला होडीच्या पुढच्या फळीवर बसवून एकेक झाड दाखवलंय," म्हणताना तिने डोळे पुसले आणि मागे बसलेल्या नरेंद्रच्या मुलीच्या, सोनलच्या, अंगाचा तिळपापड झाला. बाबा गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनालाही ही घरच्या बायकांआधी रडली होती.

सोनल लहानपणापासून होडीत ने म्हणून मागे लागायची. बाबांचं उत्तर ठरलेलं. "चिखलात तुझं काय काम हाय? अभ्यास कर." ती शिकली, बँकेत लागली. बाबा मात्र गोदामाची ड्युटी नसली की होडी काढत, आणि पुढे बसे ही परकी पोर.

अध्यक्षांनी फोटो मागितले. माधवीकडचे जुने निघाले. त्यानंतर आत कोण गेलं होतं? एकटा नरेंद्र. मग सगळ्यांनी सोनलकडे वळून पाहिलं. ती गप्प राहिली असती तर भिंत उभी राहिली असती आणि माधवी तोंडावर पडली असती. क्षणभर सोनलला तेच हवं होतं.

ती उठली. "मला बाबांनी कधीच नेलं नाही. पण त्यांचे कपडे मी धुवायचे. ह्या पावसाळ्यातही, दवाखान्यात जाईपर्यंत, खिशातून तिवराची ताजी बी निघायची. मी वैतागून मोरीत टाकायचे."

बी भरतीने वाहून आली असेल, असं एक अधिकारी म्हणाला.

"असेल. बाबा आता सांगायला नाहीत. तुम्ही जाऊन बघा."

ओहोटीच्या वेळी पाहणी करायची, असं अध्यक्षांनी लिहून घ्यायला लावलं.

मांडवाबाहेर माधवीने तिला गाठलं. काकांकडे आपण कितीदा बी मागितली, पण त्यांनी एकही दिली नाही, असं सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणायचे, ही घरी न्यायची हाय, पोरीला दाखवायला."

सोनल खाडीच्या बाजूला बघत राहिली. मोरीतून वाहून गेलेल्या बिया कुठे लागल्या असतील, कोण जाणे.

माधवीने हळूच विचारलं, "पाहणीला याल ना?"

"येईन," सोनल म्हणाली. "पण पुढच्या फळीवर मी बसेन."