राखून ठेवलेला आवाज

“ओठ सुकलेत गं, जरा ओले कर,” दादा म्हणाले, आणि वॉर्डातली नवी सिस्टर तोंडावर हात दाबून पडद्याआड पळाली.

तिचा दोष नव्हता. दादांच्या मास्कमधून आलेला तो आवाज ऐकून कोणालाही हसू फुटलं असतं. बारीक, चिरका, कार्टूनमधलं बदक बोलतं ना, अगदी तसा. वहिनींनी ओल्या कापसाने नवऱ्याचे ओठ पुसले. सिस्टर ओशाळून परत आली.

“सॉरी काकू, चुकून...”

“हस गं. मलाही काल हसू आलं होतं. मग रडू आलं.”

दादांच्या गळ्यात गाठ होती. ती इतकी वाढली होती, की श्वासाला जायला जेमतेम फट उरली होती. म्हणून कालपासून त्यांना ऑक्सिजनमध्ये हेलियम मिसळून देत होते. हेलियम हलका, साध्या हवेची जिथे कोंडी होते तिथूनही तो सरकत जातो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. फुग्यात भरतात तोच हा वायू. तळमजल्यावरच्या तपासणीच्या मोठ्या यंत्रातलं चुंबक थंड ठेवायलाही हाच लागतो म्हणे. “पण हे औषध नाही, फक्त उद्यापर्यंत तग धरायची सोय आहे,” त्या म्हणाल्या होत्या. उद्या सकाळी ऑपरेशन. गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार. मानेला भोक पडणार आणि पुढे आयुष्यभर तिथूनच श्वास. बोलणं संपलं.

सगळं ऐकून झाल्यावर वहिनींनी एकच विचारलं होतं. “आत्ताचा हा आवाज त्यांचा नाही. एकदा त्यांच्या आवाजात बोलता येईल का? माझ्याशी?”

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाल्या, “आज संध्याकाळी मी असेन, भूल देणारे डॉक्टरही असतील. एक मिनिट मास्क काढू. एकच. मी समोर नसताना मात्र मास्कला हात लावायचा नाही. वाट बंद झाली तर उघडायला वेळ मिळत नाही.”

तेव्हापासून वहिनींचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. माणसाने भूक राखून ठेवावी तसं ते मिनिट त्यांनी राखून ठेवलं होतं.

“काय बोलणार ते ठरवून ठेवा हं,” त्या सकाळी म्हणाल्या. “नाहीतर ऐन वेळेला विजेच्या बिलाचं काढाल काहीतरी.”

“ठरवलंय,” बदक म्हणालं, आणि दादा मास्कच्या आत हसले.

काय ठरवलंय, हे वहिनींनी मुद्दामच विचारलं नाही.

दादांनी जन्मभर आवाजावरच नोकरी केली होती. ते सबस्टेशनवर ऑपरेटर होते. तारेवर काम निघालं की लाइनमन फोन करायचा, दादा स्वतःच्या हाताने स्विच उघडून वीज तोडायचे आणि सांगायचे, “बंद आहे, चढ.” काम संपल्यावर त्याच लाइनमनने स्वतः सांगायचं, की मी खाली आलो. दुसऱ्याच्या तोंडचा निरोप दादांना चालत नसे. फार पूर्वी अशाच एका निरोपावर कोणीतरी स्विच दाबला होता आणि वर एक पोरगा अजून तारेला धरून होता. त्या पोराला खाली उतरवणाऱ्यांत दादा होते. तेव्हापासून आवाज ओळखल्याशिवाय लाइन पुन्हा चालू करायची नाही, हा त्यांचा कायदा. कोणाला सर्दी झालेली असली आणि आवाज ओळखू येत नसला, तर दादा म्हणत, “मला एक शिवी घाल.” शिवी घालण्याची ज्याची त्याची ढब वेगळी असते आणि ती सर्दीतही बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. नोकरीत एवढ्या शिव्या खाऊन खूश होणारा दुसरा माणूस त्या खात्यात नव्हता.

मग वीजवितरणात सुधारणा आली. सरकारी खात्याकडून शहराची वीज कंपनीकडे गेली. चोरी कमी झाली, दिवे जायचेही कमी झाले, हे दादा स्वतःच कबूल करत. उगाच नावं ठेवायची त्यांना सवय नव्हती. पण स्विच आता दूरच्या सेंटरमधून उघडमीट होऊ लागले आणि लाइन बंद झाल्याचा निरोप लाइनमनच्या मोबाइलवर येऊ लागला. सबस्टेशनला कुलूप लागलं. दादांना तक्रारींच्या खिडकीत बसवलं. लाइनमन कंत्राटदाराकडे गेले.

त्यातला एक लंबू. नावाप्रमाणेच ताडमाड, शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या त्याला लागतच नसत. त्याने आयुष्यभर दादांच्या शब्दावर खांबावर पाय ठेवला होता.

आज त्याच कंपनीच्या नव्या सेंटरचं उद्घाटन होतं, तेही हॉस्पिटलसमोरच्या मैदानात. दुपारपासून लाउडस्पीकर कोकलत होते. मांडवावर एक भलामोठा फुगा दोरीला बांधून सोडला होता, त्यावर कंपनीचं नाव. सिस्टर खिडकीशी उभी राहून करवादली.

“आम्ही दोन दिवस हेलियमचे सिलिंडर मागतोय. माल नाही म्हणतात. आणि हे बघा, हवेत उधळायला आहे यांच्याकडे!”

पाहुण्यांनी बटण दाबलं तशी चंदेरी कागदी फुग्यांची झुंबड आकाशात सुटली. दिसायला सुंदरच होती. वहिनीही बघत राहिल्या. त्यातला एक घोस वाऱ्याने वाकडा झाला आणि रस्त्याकडेच्या तारांत जाऊन अडकला. त्या चंदेरी कागदाला धातूचा मुलामा असतो. धाडकन आवाज झाला, निळा लोळ उठला, आणि मैदानातले लाउडस्पीकर एकदम मुके झाले. वॉर्डातले दिवे गेले, मग जनरेटरच्या घरघरीबरोबर परत आले.

“शॉर्ट झालं,” बदक म्हणालं. दादांचे डोळे लकाकले होते. फार दिवसांनी त्यांच्या ओळखीचं काहीतरी घडलं होतं.

थोड्या वेळाने दादांचा फोन वाजला. वहिनींनी उचलला.

“वहिनी, लंबू बोलतोय. दादा कसे आहेत? जरा द्या ना.” मागे गलका होता. “इथे हॉस्पिटलसमोरच आहे. तारेवरचे फुगे काढायचेत.”

वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून उशीपाशी धरला.

“दादा, सेंटरचा मेसेज आलाय, लाइन बंद म्हणून. पण अर्थिंगचा रॉड दुसऱ्या गाडीत गेलाय. तार खरंच बंद आहे का, ते तपासायला काही नाही. पाहुणे खोळंबलेत, साहेब डोक्यावर बसलाय. मेसेज खरा असेल हो, पण पाय उचलत नाही. तुम्ही नुसतं म्हणा, बंद आहे, चढ. तुमच्या तोंडून ऐकलं की झालं.”

दादांच्या कपाळावर आठी पडली. “चढू नकोस,” ते म्हणाले. “रॉड येऊ दे.”

तसा लंबू भडकला. “कोण आहे रे तू? वहिनी, फोन कोणाच्या हातात दिलात? इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि चेष्टा सुचतेय!”

“अरे, दादाच आहेत ते! गॅसने आवाज तसा झालाय. चढू नकोस म्हणतायत!”

“वहिनी, तुम्ही घाबरून सांगताय. दुसऱ्याच्या तोंडचं ऐकायचं नाही, हे दादांनीच शिकवलंय मला.”

“शिवी घाल मला,” दादा चिरकले. “मी ओळखतो तुला, लंब्या—”

पण दादांनी लंबूला ओळखून भागणार नव्हतं, लंबूने दादांना ओळखायला हवं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, “चढतोस का दुसऱ्याला चढवू?” आणि लंबू घाईने म्हणाला, “आलो साहेब, चढतो. ठेवतो, वहिनी.”

फोन चालूच राहिला होता, त्यातून शिडी चढल्याचा खडखडाट येत होता. दादांनी मास्क ओढून काढला.

वहिनींनी त्यांचा हात धरला. धरला म्हणजे चांगला घट्ट धरला, नखं रुतली. त्या क्षणी त्यांच्या मनात लंबू नव्हता, हे त्यांना पुढे कित्येक दिवस छळत राहिलं. त्यांच्या मनात एवढंच होतं, की हे माझं आहे, संध्याकाळचं आहे, हे असं देऊन टाकू नका. पण दादांच्या हातात अजून ताकद होती. त्यांनी तो सोडवून घेतला, उठून बसले, छातीतली सगळी हवा खेचून घेतली. गळ्यातून करवतीसारखा आवाज झाला. आणि मग, घोगरा, जाड, फाटका, पण त्यांचाच आवाज सबंध वॉर्डभर घुमला.

“लंब्या! लाइन माझ्या हातची नाही. खाली उतर!”

“दादा?” फोनमधून आलं. आणि मग पार बदललेल्या सुरात, “उतरलो, दादा. मी स्वतः बोलतोय. खाली आहे मी.”

दादांनी मान हलवली. काही बोलायला तोंड उघडलं, वहिनींकडे वळून. ओठ हलले, पण आवाज आला नाही. श्वासही आला नाही. चेहरा आधी लाल झाला, मग काळानिळा. सिस्टर मास्क परत दाबून धरत होती आणि डॉक्टरांना हाका मारत होती. वहिनींना कोणीतरी खांद्याला धरून बाहेर नेलं.

डॉक्टरांनी पलंगावरच गळ्याला छेद घेऊन वाट उघडली. दादा वाचले. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन पुढे ढकललं, मग तेही झालं. राखून ठेवलेल्या मिनिटाबद्दल डॉक्टरीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. वहिनीही बोलल्या नाहीत. फक्त रात्री घरी गेल्यावर त्या पाण्याच्या नळाखाली भांडी घासताना मोठमोठ्याने रडल्या, आणि आपण नवऱ्यासाठी रडतोय का स्वतःसाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं.

ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांनी लंबू आला. वॉर्डात शिरायच्या आधी व्हरांड्यातच थांबला. वहिनींना बघून त्याने मान खाली घातली.

“रॉड आला, लावून बघितला,” तो म्हणाला. “लाइन बंदच होती, वहिनी. सेंटरने बरोबर बंद केली होती. मी वर गेलो असतो तरी काही झालं नसतं.”

वहिनी भिंतीला टेकल्या.

“पाहुणे तासभर खोळंबले म्हणून कंत्राटदाराने मला काढलं. त्याचं काही नाही, दुसरं काम मिळेल. पण संध्याकाळच्या त्या मिनिटाचं सिस्टरने सांगितलं मला. दादा नसते बोलले तर तुम्हाला...” त्याने कपाळावर हात मारला. “मला कोणी सांगितलं होतं फोन करायला! झक मारली आणि केला.”

वहिनींच्या मनात त्याच्या थोबाडीत मारावी असं आलं. तेवढ्या उंचीवर आपला हात पोचणार नाही, असंही आलं. त्यांनी डोळे पुसले. “आत चल,” त्या म्हणाल्या. “वाट बघतायत तुझी.”

दादा उशीला टेकून बसले होते. मानेला पट्टी, पट्टीत नळी, मांडीवर पुसता येणारी पाटी. लंबूला धडधाकट बघून त्यांच्या तोंडावर जे आलं, ते वहिनींनी आपल्या मुलीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी लंबूचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, भाजल्याची खूण शोधावी तसा. मग पाटी ओढली आणि लिहिलं, “चालू होती?”

लंबू पाटीकडे बघत राहिला. दादांशी तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. त्या दोघांच्या कामात खोटं बोलणारा माणूस फार दिवस जगत नसे. त्याने वहिनींकडे पाहिलं.

दादाही वहिनींकडेच बघत होते.

“होती,” वहिनी म्हणाल्या. “चालू होती. मला आत्ताच सांगितलं त्याने बाहेर.”

लंबूने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघू लागला. दादांनी डोळे मिटले. नळीतून एक लांब श्वास सुटला. मग त्यांनी चाचपडत वहिनींचा हात शोधला आणि दुसऱ्या हाताने पाटी पुसून टाकली.