बाळासो सरांचं उदासिनीकरण

सरोजिनीबाई देशिंगकर जोतिबाच्या पायऱ्यांवर घसरल्या, पाय मोडला त्यांचा आणि घाम फुटला तो बाळासो इंगवल्यांना.

कारण सरळ होतं. सरोजिनीबाई शाळेत शास्त्र शिकवायच्या आणि बाळासो पी.टी. शिकवायचे. गणिताचे सर प्रशिक्षणाला गेलेले, भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. हेडमास्तर दत्तोपंत हेर्लेकर वेळापत्रकावर बोट फिरवत गेले आणि ते बोट बरोबर बाळासोंच्या मोकळ्या तासावर येऊन थांबलं.

"इंगवले, नववीचं रसायन तुम्ही घ्या."

बाळासोंना वाटलं, हेडमास्तर चेष्टा करताहेत. पण दत्तोपंत वर्षातून एकदा, गॅदरिंगच्या भाषणातच चेष्टा करत.

"सर, मी शिट्टी वाजवणारा माणूस. त्ये ॲसिड-बिसिड माझ्या अंगावर सोडू नका."

"अहो, एकच धडा आहे. आम्ल, आम्लारी आणि क्षार. आणि पुढच्या पंधरवड्यात तपासणी आहे. साहेब नववीचा शास्त्राचाच तास बघणार, तसं कळवलंय त्यांनी. वर्ग रिकामा दिसला तर माझी काय शोभा होईल?"

"आन मी उभा दिसलो तर?"

"तर निदान वर्ग रिकामा दिसणार नाही," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे विषय संपला.

बाळासो एके काळी चांगले नावाजलेले मल्ल होते. कान चुरगळलेले, मान बैलाची, छाती दारात मावायची नाही. पंचक्रोशीतल्या जत्रांमधून त्यांनी भल्याभल्यांना आसमान दाखवलं होतं. पण मॅट्रिकच्या शास्त्राच्या पेपरानं त्यांना एकदा नव्हे, दोनदा पाठीवर पाडलं होतं. तिसऱ्या खेपेला कसेबसे सुटले, तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की या विषयाच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. शाळेतही प्रयोगशाळेवरून जायचं तर ते पलीकडच्या बाजूनं जात. तिथला तो गंधकाचा वास आला की त्यांना परीक्षेचा हॉल आठवे.

संध्याकाळी ते सरोजिनीबाईंच्या घरी गेले. बाई कॉटवर, पाय प्लास्टरमध्ये, मांडीवर वर्तमानपत्र. बाळासो दारातच उभे राहिले.

"बसा इंगवले सर. खुर्ची मोडणार नाही, सागवानी आहे."

बाळासो अर्ध्या खुर्चीवर टेकले. "बाई, मला निस्तं पाठ करायपुरतं सांगा. समजायच्या भानगडीत मी पडत न्हाय."

"समजल्याशिवाय पाठ केलेलं तपासणीत उघडं पडतं," बाई म्हणाल्या. शिकवताना त्यांचा आवाज जसा चढायचा तसाच चढला. "ऐका. लिंबात, चिंचेत, ताकात असतं ते आम्ल. चव आंबट. निळ्या लिटमस कागदाला तांबडा करतं. चुना, सोडा, कॉस्टिक, या आम्लारी. हाताला बुळबुळीत लागतात, तांबड्या लिटमसला निळा करतात. दोघं एकत्र आले की एकमेकांचा गुण मारतात आणि तयार होतो क्षार आणि पाणी. मिठाचं आम्ल आणि कॉस्टिक सोडा घेतला तर आपलं जेवणातलं मीठ. या क्रियेला म्हणायचं उदासिनीकरण."

"म्हंजे दोघं बी उदास हुत्यात?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबलं की त्यांचा मोडका पाय हलायचा आणि कळ यायची. "उदास नाही हो. उदासीन. ना आंबट, ना बुळबुळीत. कुणाच्याच बाजूचं नाही."

"आसं व्हय."

"आणि एक जन्मात विसरू नका. तीव्र आम्ल पातळ करायचं तर पाण्यात आम्ल सोडायचं, थेंब थेंब. आम्लात पाणी ओतायचं नाही. उसळून तोंडावर येतं."

बाळासोंनी मनाशी काहीतरी जुळवलं. "पैलवानाला हळूहळू गर्दीत सोडायचं. गर्दी एकदम पैलवानावर सोडायची न्हाय."

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तसंच म्हणा," त्या म्हणाल्या. "आणि प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही, पोरांना घालू द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बाळासो नववीच्या वर्गात शिरले. पोरंपोरी सवयीनं रांगेत उभी राहायला निघाली. "बसा खाली, कवायत न्हाय," असं म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं आणि एका दमात वाचलं, "आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेने क्षार व पाणी तयार होते, या क्रियेस उदासिनीकरण असे म्हणतात."

दुसऱ्या बाकावरून मीनाक्षी उठली. गंगावेशीतली ही मुलगी, हुशार आणि तोंडानं फटकळ. "सर, म्हणजे काय?"

वर्गात खसखस पिकली. बाळासोंच्या कानशिलावर घामाचा थेंब आला. त्यांनी पुस्तक मिटलं, खडू घेतला आणि फळ्यावर एक मोठा गोल काढला.

"ह्यो काय?"

"शून्य, सर!"

"शून्य न्हवं. आखाडा." त्यांनी डाव्या बाजूला एक माणूस काढला, उजव्या बाजूला एक. "ह्यो आम्ल. आंबट तोंडाचा, चावरा पैलवान. अंगाला हात लावला की जळजळ. आन ह्यो आम्लारी. अंगाला तेल लावल्यागत बुळबुळीत, हातात घावत न्हाय. दोघं तुल्यबळ. सलामी झाली, भिडलं. ह्येनं ढाक मारली, त्येनं सोडवली. त्येनं पट काढला, ह्येनं रोखला. कोन कुनाला जात न्हाय. शेवटाला काय?"

"बरोबरीत!" मागच्या बाकावरची पोरं ओरडली. त्यातली निम्मी रोज पहाटे तालमीत जाणारी होती.

"बरोबरीत सुटली. दोघांची बी रग जिरली. आता आम्ल बी न्हाय, आम्लारी बी न्हाय. मग आखाड्यात ऱ्हायलं काय?"

बाळासोंनी मनगटानं कपाळ पुसलं आणि तो ओला हात वर धरला.

"घाम! चवीला कसा आसतो?"

"खारट!"

"क्षार आन पाणी," बाळासो म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच थबकले. मॅट्रिकला दोन वर्षं ज्या वाक्यानं त्यांना छळलं होतं, ते वाक्य आत्ता पहिल्यांदा त्यांना कळलं होतं. ते फळ्याकडे वळले आणि उगाचच आखाड्याची रेघ पुन्हा जाड करत राहिले.

त्यानंतर नववीला रसायनाचं वेडच लागलं. प्रयोगशाळेतल्या लिटमसच्या वह्या पोरांनी हां हां म्हणता संपवल्या. कुणी रंकाळ्याचं पाणी तपासलं, कुणी ताक, कुणी साबण, कुणी आईनं केलेली आमटी. एकानं तर शिपाई केरबाच्या जिभेला कागद लावला, तंबाखूतल्या चुन्यानं तो निळा झाला आणि केरबा चार दिवस शास्त्राच्या वर्गापुढून फिरकला नाही. तपासणी उद्यावर आली आणि लिटमसचा एक कपटाही शिल्लक नाही, हे बाळासोंच्या लक्षात आलं.

"सर, हळदीला चुना लागला की कुंकवासारखी लाल होते," मीनाक्षी म्हणाली. "टीपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवू या की. आम्लारीत लाल होईल."

"आन आम्लात?"

"पिवळाच राहील."

"मग लाल झाल्यावर आम्ल घालत ऱ्हायचं, पिवळा हुईस्तवर. झाली की कुस्ती," बाळासो खूश होऊन म्हणाले. मुलींनी त्याच संध्याकाळी टीपकागद हळदीत रंगवले आणि व्हरांड्यात दोरीवर वाळत घातले. शाळेत लग्न निघाल्यासारखं दिसत होतं.

तपासणीचे साहेब म्हणजे गणपतराव केळुसकर. मूळचे कोकणातले, या गावात नवे. दत्तोपंतांनी पाहुणचारात कसर नको म्हणून शाळेत आणण्याआधी त्यांना मिसळ खायला नेलं होतं आणि प्रेमानं दोनदा जास्तीचा तिखट कट वाढायला लावला होता. त्यामुळे साहेब वर्गात आले ते छातीवर हात ठेवून. मागच्या खुर्चीत बसले, घोटभर पाणी प्यायले, डोळे मिटले.

बाळासोंनी टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. पातळ केलेलं मिठाचं आम्ल, कॉस्टिकचं पाणी, हळदीचे कागद. शेजारी मुलांनी घरून आणलेली लिंबं, चिंच, चुन्याची डबी आणि खायच्या सोड्याची पुडी. बाळासोंनी कॉस्टिकच्या पाण्यात कागद बुडवला. लाल झाला. मग ड्रॉपरनं आम्ल सोडायला सुरुवात केली. ज्या हातांनी माणसं उचलून आपटली होती, ते हात थेंब थेंब मोजून सोडत होते, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. दर वेळी नवा कागद बुडवायचा. लाल. पुन्हा लाल. आता जरा फिका. मग पिवळा.

"सुटली!" मागून कुणीतरी ओरडलं.

गणपतरावांनी डोळे उघडले. "काय सुटली?"

"कुस्ती, सर," मीनाक्षी उठून म्हणाली. "आम्ल आणि आम्लारीची. बरोबरीत. आता भांड्यात क्षार आणि पाणी आहे."

"हेडमास्तर," गणपतराव उभे राहिले, "हा शास्त्राचा वर्ग आहे की तालीम? शिक्षक कोण आहेत हे? यांचं शिक्षण..." आणि पुढचा शब्द त्यांच्या घशातच राहिला. त्यांनी दोन्ही हातांनी छाती धरली. दत्तोपंतांचा चेहरा टीपकागदासारखा पिवळा पडला.

"सर, जळजळतंय का?" मीनाक्षीनं विचारलं. "आंबट पाणी वर येतंय?"

साहेबांनी नुसती मान हलवली.

बाळासो पुढे झाले. आता त्यांना भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. समोर माणूस कळवळत होता आणि त्यांना त्याचं कारण चक्क माहीत होतं. "सायेब, पोटात आम्ल आसतंयच. मिसळीनं त्ये मातलंय. त्येच्यावर आम्लारीचा जोड सोडतो." त्यांनी केरबाला हाक मारून पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र मागवलं. प्रयोगशाळेच्या काचेच्या भांड्यांना हात लावला नाही. पोरांनी घरून आणलेली पुडी सोडली, चिमूटभर सोडा पाण्यात ढवळला आणि फुलपात्र पुढे केलं.

गणपतरावांनी फुलपात्राकडे पाहिलं, बाळासोंच्या चुरगळलेल्या कानांकडे पाहिलं आणि डोळे मिटून पिऊन टाकलं.

क्षणभर काही झालं नाही. मग साहेबांच्या पोटातून एक गडगडाट निघाला, वर वर आला आणि अशी दणदणीत ढेकर सुटली की खिडकीतलं कबुतर उडालं.

हसावं की नाही, कुणालाच कळेना. दत्तोपंत जमिनीकडे बघत होते.

"कार्बन डायऑक्साइड, सर," मीनाक्षी गंभीरपणे म्हणाली.

आधी गणपतरावांच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग ते खुर्चीत बसून असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांच्यामागून अख्खा वर्ग.

"बरं वाटलं बुवा," रुमालानं डोळे पुसत ते म्हणाले. "आता पोटात काय राहिलं?"

"क्षार आणि पाणी!" वर्ग गरजला.

"शाबास. आता मास्तर, तुम्हाला एक विचारतो. दरवेळी कुस्ती बरोबरीतच सुटते का? एक पैलवान दांडगा आणि दुसरा लेचापेचा असला तर होणारा क्षार उदासीनच असतो?"

बाळासोंनी डोकं खाजवलं. पाठ केलेल्यात हे नव्हतं. वर्गाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "सायेब, मला ठावं न्हाय. देशिंगकर बाईंना इचारतो आन उद्या पोरांना सांगतो."

जाताना दारात थांबून गणपतराव दत्तोपंतांना म्हणाले, "ठाऊक नाही म्हणणारा मास्तर मी या दौऱ्यात पहिलाच बघतोय. आणि हो, दुपारच्या जेवणाला मला साधा वरणभात द्या."

संध्याकाळी बाळासोंनी सरोजिनीबाईंना सगळं सांगितलं. ढेकरेपाशी आल्यावर बाईंना हसू आवरेना. "अहो थांबा, पाय दुखतो, थांबा," म्हणत त्यांनी उशी तोंडावर घेतली. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "साहेबांचा प्रश्न मात्र चांगला आहे. सोडा मी तुम्हाला आम्लारी म्हणून सांगितला, खरं तर धुण्याचा सोडा हा क्षारच. पण तो दुबळ्या आम्लाचा आणि दांडग्या आम्लारीचा. म्हणून त्याच्या पाण्यात तांबडा लिटमस निळा होतो."

"म्हंजे कुस्ती सुटली तरी दांडग्याची गुर्मी मागं उरती म्हना की."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "हे मी वर्गात वापरलं तर चालेल ना?"

बाळासो लाजले. एवढा मोठा माणूस लाजला की फार अवघडलेला दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरोजिनीबाई काठी टेकत शाळेत आल्या आणि बाळासो मैदानावर परतले. सुटलो, असं त्यांनी केरबाला मोठ्यानं सांगितलं. पण शिट्टी वाजवताना त्यांचं लक्ष सारखं प्रयोगशाळेच्या खिडकीकडे जायचं. आत बाई फळ्यावर काय काढताहेत, ते मैदानातून नीट दिसायचं नाही. एका दुपारी मोकळा तास होता. बाळासो दोनदा दारावरून गेले. तिसऱ्यांदा दारात उभे राहिले.

"आत येऊ का बाई?"

सरोजिनीबाईंनी खडू थांबवला. "काही काम होतं का?"

"काम न्हाय. धडा ऐकायचा हुता."

वर्ग वळून बघायला लागला. बाईंनी काठीनं मधल्या रांगेकडे बोट दाखवलं. मीनाक्षी सरकली, बाकानं एक मोठा आवाज केला, पण तगला.

"पुस्तक आणलंय?" बाईंनी विचारलं.

"न्हाय, बाई."

"उद्यापासून आणायचं. आज शेजारणीच्यात बघा."

बाळासोंनी मान खाली घातली आणि मीनाक्षीच्या पुस्तकात बोट ठेवून ओळ शोधायला लागले. धडा धातूंचा होता.