गजभिये, सत्यशीला

"नावं सगळ्यांचीच काढतोय, काकू. आता फक्त फ्लॅट नंबर," सोसायटीचा सेक्रेटरी अनिरुद्ध दारात उभा राहून म्हणाला. गेटजवळच्या फलकावरची नावं सकाळीच पुसून झाली होती. आता दारांवरच्या पाट्यांची पाळी. "प्रायव्हसीचा प्रश्न आहे."

"कुणाच्या?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांच्याच. ठेवायचंच असेल तर नुसतं 'सत्यशीला' ठेवा ना. आडनावावरून उगाच लोक अंदाज बांधतात."

झालं. बाईंचं डोकं फिरलं.

"आडनाव गिळा म्हणणारे मला नवे नाहीत, अनिरुद्ध. फक्त ते घरमालक होते. 'जागा आत्ताच गेली' म्हणायचे."

नर्सची नोकरी धरून बाई नागपूरहून पुण्यात आल्या, तेव्हा 'गजभिये' म्हटलं की रिकामी खोली एकाएकी भरून जायची. शेवटी वारज्याला कशीबशी जागा मिळाली आणि काही वर्षांनी घरी फोन आला. तो बाईंच्याच नावावर घेतला. बाईंचे मिस्टर रंगराव म्हणाले, "दवाखाना तुला बोलावणार. मला कोण बोलावतंय?"

मग ती जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी आली. गजभिये, सत्यशीला. पुढे पत्ता, नंबर. खालच्याच ओळीत गजेंद्रगडकर, आणि त्यांनाही चालेल का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. अख्ख्या शहरानं खुशाल वाचावं असं नाव. रंगरावांनी ते पान शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं होतं. मुकाट श्वास सोडत बसणाऱ्यांचे फोनही येत. "दमा आहे का? सकाळी ओपीडीत या," म्हणून बाई रिसीव्हर ठेवत.

समोरच्या पूर्वाची गोष्ट वेगळी. कुणीतरी तिच्या मागावर होता, तेव्हा तिची पाटी बाईंनीच उतरवून दिली होती. पण ते पूर्वानं स्वतः ठरवलं होतं.

"माझं मी ठरवीन," बाई म्हणाल्या. "ये आता."

दुसऱ्या दिवशी त्या कसब्यात गेल्या. रंगरावांनी लावलेली प्लास्टिकची पाटी तशीही पिवळी पडली होती. पितळी पाटी करणाऱ्यानं विचारलं, "मावशी, फोन नंबरसुद्धा? हल्ली कुणी घालत नाही."

"म्हणूनच घाला."

घरी येऊन हातोडी घेतली, पण जुन्या खिळ्यापर्यंत हात पोचेना. रंगराव उंच होते. गुडघ्यांमुळे स्टुलावर चढायची सोय राहिली नव्हती. डिरेक्टरी पायाखाली घ्यावी असं मनात आलं, काढलीही, आणि बाईंनी ती परत जागेवर ठेवून दिली. तिच्यात नाव होतं. मग त्याच स्टुलावर बसून हात पोचला तिथंच पाटी ठोकली.

संध्याकाळी अनिरुद्ध नोटीस घेऊन आला. ठोकाठोकी ऐकून पूर्वाही दारात आली होती. पाटी त्याच्या छातीच्याही खाली होती आणि अक्षरं बारीक.

"काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"वाच की," बाई म्हणाल्या.

त्यानं नोटीस काखेत धरली, चष्मा सारखा केला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.