खिडक्यांकडची बाजू

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे हॅडफिल्डची गावसभा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची माणसं त्या दिवशी मनसोक्त भांडतात, पण नियमानं. कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. म्हणायचं ते सभापतींना उद्देशून. नवरा-बायकोलाही यातून सूट नाही.

या वर्षी ठराव होता, सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या विक्रीवर राज्यानं बंदी घालावी, असं सुचवणारा. गावच्या वाचनालयात तीस वर्षं काढलेला एल्डन मागच्या रांगेत तळहात पुसत बसला होता. त्याचं मत ठरलं होतं. पंचाईत एवढीच, की ते त्याच्या बायकोला, मर्नाला, ठाऊक नव्हतं. मर्नाच्या चाळीस मेंढ्या होत्या, त्यांच्यावर टपलेले कोल्ह्यासारखे कायोटी होते आणि तसलीच एक रायफल होती.

"सभापतीबाई," मर्ना उठली, "कायोटींची टोळी कोकरांवर येते तेव्हा एका गोळीनं भागत नाही. दर गोळीनंतर हातानं पुढची गोळी चढवत बसले, तर कोकरू गेलंच. मी कुणाचं काय वाकडं केलंय?"

"सभापतीबाई," शेजारचा क्लेटन म्हणाला, "यांचा नेम बघता बंदी कायोटींनीच मागायला हवी!"

सगळे हसले. मग शाळेतली बाई उठली. शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलंच तर म्हणून पाच वर्षांच्या पोरांना कपाटात लपून गप्प बसायची तालीम आपण देतो, एवढंच सांगून ती खाली बसली. कुणी हसलं नाही.

आवाजी मतदान झालं. एल्डनचा 'होय' मर्नाच्या खणखणीत 'नाही'खाली बेमालूम दडला. त्यानं हुश्श केलं.

"नुसत्या कानांनी निकाल लागत नाही," सभापती बर्निस म्हणाली. "उठा सगळे. होयवाले खिडक्यांकडे, नाहीवाले भिंतीकडे."

मर्ना भिंतीशी जाऊन उभी राहिली, शेजारी त्याच्यापुरती जागा ठेवून. एल्डन उठला, अडखळला आणि खिडक्यांकडे गेला.

"सभापतीबाई, या सभासदांना विचारा, घरी हे कधी का बोलले नाहीत?"

"मतदान चालू असताना प्रश्न चालत नाहीत, मर्ना. पण मलाही ऐकायचंय. बोल, एल्डन."

"सभापतीबाई, या... रायफल पुसताना गाणं गुणगुणतात. फार खुशीत असतात. त्यात मी मोडता कुठे घालू? पण ती शाळेतली पोरं गोष्टी ऐकायला माझ्याकडेच यायची हो."

ठराव सहा मतांनी पडला.

जेवणाला घेवडा आणि हॅम होतं. मर्ना ताट घेऊन त्याच्या शेजारी बसली.

"आणखी काय काय लपवलंयस?"

"तू कायोटींमागे जातेस तेव्हा मी झोपलेला नसतो. तुझ्या काळजीनं पडून असतो."

"ते माहितीये. घोरणं थांबतं तुझं." तिनं दोन घास खाल्ले. "जिंकले तरी चिडलेय मी. आणि ठरावाचं म्हणशील तर तू साफ चुकतोयस."

"चुकतेयस तू!" एल्डन म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

मर्नानं आपल्या ताटातलं हॅम त्याच्या ताटात सरकवलं.

"बोलता येतं की! खा आधी. मग सांग, कुठे चुकते ते."